छापील उत्तरं आणि पडलेली दानं

बॅकगॅमनचं, म्हणजे फासे टाकून दोघांनी सोंगट्या पळवायच्या त्या पटाच्या खेळाचं, पुस्तक हातात आलं की मलपृष्ठावरची स्तुती वाचण्याआधी आतलं छपाईचं साल पाहावं. १९७० च्या दशकातल्या नामवंतांनी ठामपणे दिलेली कितीतरी उत्तरं आज साफ चुकीची मानली जातात. आणि तरीही त्याच दशकातलं एक पुस्तक आजसुद्धा नव्या खेळाडूला पहिलं म्हणून सुचवलं जातं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे उमगलं की पुस्तक निवडण्याचं निम्मं काम झालं.

बॅकगॅमनमध्ये चूक लपते. बुद्धिबळात वजीर फुकट दिला तर पुढच्याच खेळीत ते कळतं. इथे भलतीच चाल करूनही पुढचं दान मनासारखं पडलं तर डाव हाती येतो, आणि उत्तम चाल करूनही समोरच्याला नेमकं ६-६ पडलं की मुसळ केरात. त्यामुळे निकालावरून चाल जोखता येत नाही. जुने तज्ज्ञ वाद मिटवायला एकच स्थिती पैज लावून पुन्हा पुन्हा मांडत आणि खेळत. पण हाताने पन्नास-शंभर डाव खेळून जवळजवळच्या दोन चालींतला फरक दिसत नाही. फाशांची लहर त्या फरकाहून कितीतरी मोठी असते. मग उरायचा तो लेखकाचा अनुभव आणि त्याच्या आवाजाची पट्टी.

१९७९ मध्ये माँटे कार्लो इथे हान्स बर्लिनर यांच्या बीकेजी ९.८ या प्रोग्रॅमने तेव्हाचा विश्वविजेता लुइजी व्हिला याला ७-१ असं हरवलं. प्रोग्रॅमला दानं फार चांगली पडली होती, हे नंतर बर्लिनर यांनीच मोकळेपणाने सांगितलं. खरा बदल घडला तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, आयबीएममध्ये जेराल्ड टेसॉरो यांनी टीडी-गॅमन तयार केला तेव्हा. हा प्रोग्रॅम स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला. त्यानंतर जेलीफिश, स्नोई, जीएनयू बॅकगॅमन आणि २००९ मध्ये एक्स्ट्रीम गॅमन आले. खेळाडू या सगळ्यांना सरसकट बॉट म्हणतात. बॉट एकच स्थिती हजारो वेळा पुढे खेळून सरासरी काढतो. त्याला रोलआउट म्हणायचं, आणि डावामागे सरासरी किती गुण हाती लागतील त्या आकड्याला इक्विटी. या दोन शब्दांनी बॅकगॅमनच्या ग्रंथसंग्रहाची सरळ फाळणी केली: रोलआउटच्या आधीची पुस्तकं आणि नंतरची.

पहिला फटका बसला सलामीला. २-१, ४-१ आणि ५-१ या दानांना जुनी शिफारस अशी, की एकाच्या दानाने ६ व्या पॉइंटवरची (पटावरच्या २४ त्रिकोणी पट्ट्यांना पॉइंट म्हणतात) एक सोंगटी ५ व्यावर उघडी, म्हणजे एकटी ठेवायची आणि पुढच्या दानाला तिथे दुसरी आणून, म्हणजे ती झाकून, पॉइंट बांधायचा. ५ वा पॉइंट स्वतःच्या घरातला, म्हणजे शेवटच्या सहा पॉइंटांतला, सर्वांत मोलाचा, त्यामुळे मोह समजण्यासारखा आहे. पण प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या दोन सोंगट्या तिथून ४ पिप, म्हणजे फाशाच्या ठिपक्यांइतकी पावलं, लांब असतात आणि ३६ पैकी १५ दानं तिला मारतात. मारली गेली की २० पिप पाण्यात, कारण ती सोंगटी २५ पैकी २० पिप चालून आलेली असते. टीडी-गॅमनने त्याऐवजी मागच्या दोनांपैकी एक सोंगटी २४ वरून २३ वर सरकवणं पसंत केलं. ४-१ आणि ५-१ बाबत आज वाद उरलेला नाही. २-१ ला दोन्ही चाली जवळजवळ तोलामोलाच्या धरतात. ६-४ ची गोष्ट उलटी. ८/२, ६/२ असं खेळून, म्हणजे ८ व्या आणि ६ व्या पॉइंटवरून एकेक सोंगटी २ ऱ्यावर आणून, २ रा पॉइंट बांधणं ही एके काळी नवशिक्याची चाल म्हणून हिणवली जायची. बॉटनी ती २४/१४ आणि २४/१८, १३/९ यांच्या पंक्तीला आणून बसवली.

म्हणून पुस्तक चाळायला दहा मिनिटं मिळाली तर सलामीचं प्रकरण आधी उघडावं. ४-१ ला ६/५ सांगितलेलं असेल आणि ६-४ ला २ ऱ्या पॉइंटचं नावही नसेल, तर पुस्तक बॉटपूर्व काळातलं आहे किंवा लेखकाने जुनंच पुन्हा लिहून काढलं आहे. पहिल्या प्रकारात काही वावगं नाही. नव्या सालाच्या छपाईत जुनी उत्तरं दिसली, तर मात्र ते पुस्तक तिथेच ठेवावं.

आता ते जुनं पण पहिलं पुस्तक. पॉल मॅग्रिएल यांचं ‘बॅकगॅमन’ १९७६ मध्ये आलं. मॅग्रिएल गणिताचे प्राध्यापक होते आणि १९७८ मध्ये विश्वविजेते झाले. त्यांची सलामीची काही उत्तरं शिळी झाली आहेत, क्यूबवर, म्हणजे डावाची किंमत दुप्पट करायचा प्रस्ताव (डबल) ज्याने देतात आणि समोरचा घेतो किंवा डाव सोडतो त्या फाशावर, पुस्तकात फारच थोडं आहे. तरी ते टिकलं, कारण त्यात उत्तरांपेक्षा कारणांना जागा जास्त आहे. धाडसी चाल केव्हा आणि सावध केव्हा, यासाठी त्यांनी काही कसोट्या घालून दिल्या. प्रतिस्पर्ध्याचं घर भक्कम असेल तर मार खाणं महाग पडतं, म्हणून सावध. त्याच्या घरात आपला अँकर, म्हणजे दोन सोंगट्यांनी धरलेला पॉइंट असेल, तर मार खाऊनही परतायला जागा आहे, म्हणून धाडसी. त्याच्या जास्त सोंगट्या आपल्या घरात अडकल्या असतील तरी धाडसी. या कसोट्यांवर कुठल्याही बॉटने काट मारलेली नाही. बॉटही त्याच निकषांवर पोचतो, फक्त त्याला ते बोलून दाखवता येत नाहीत.

तसंच दुहेरीकरणाचं, ज्याला खेळाडू डुप्लिकेशन म्हणतात. समजा प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या घरातली उघडी सोंगटी झाकायला ४ हवा आहे. तुम्हाला एक सोंगटी उघडी ठेवणं भागच आहे आणि जागा दोन आहेत: एक त्याच्यापासून ४ पिप लांब, दुसरी ३. नुसतं मोजलं तर ४ पिपवर १५ दानं मारतात, ३ वर १४. म्हणजे ३ बरी. पण ३ वर ठेवलीत तर त्याला ३ ही लागतो आणि ४ ही. दोन्ही आकडे त्याच्या कामाचे. ४ वर ठेवलीत तर दोन्ही कामांना एकच आकडा, आणि इतर बरीचशी दानं त्याच्या हातून वाया जातात. एका दानाचं नुकसान सोसून कितीतरी दानं निकामी करणं ही कल्पना एकदा डोक्यात शिरली की पट वेगळाच दिसायला लागतो. अशी कल्पना शिकवणाऱ्या पुस्तकाचं छपाईचं साल माफ करावं.

जुनी पुस्तकं वाचण्याची सर्वांत चांगली रीत जेरेमी बगाई यांच्या ‘क्लासिक बॅकगॅमन रिव्हिजिटेड’ या २००१ मधल्या पुस्तकात सापडते. गाजलेल्या पुस्तकांतल्या ज्या स्थितींची छापील उत्तरं बॉटने खोडून काढली, त्या त्यांनी एकत्र केल्या आणि थोरामोठ्यांचं नेमकं कुठे चुकलं ते उलगडलं. बार्कले कुक यांच्या १९७८ मधल्या ‘पॅराडॉक्सेस अँड प्रॉबॅबिलिटीज’ या १६८ प्रश्नांच्या पुस्तकासारखं काही वाचायचं असेल तर या मार्गानेच वाचावं. कुक यांची भाषा देखणी, ऐट राजेशाही आणि उत्तरं बऱ्याच ठिकाणी चुकलेली. वाचकाचं सगळ्यात जास्त नुकसान करतो तो असा सुंदर लिहिणारा लेखक. रटाळ लेखकाची चूक मुळात लक्षातच राहत नाही.

पण कोणतं पुस्तक चांगलं, याआधी आपण नेमकं कुठे गमावतो हे कळायला हवं. जीएनयू बॅकगॅमन फुकट मिळतो. ऑनलाइन खेळलेल्या सामन्यांच्या फाइली त्यात टाकल्या की तो दर निर्णयाची किंमत काढून देतो, सोंगट्यांच्या चाली वेगळ्या आणि क्यूबचे निर्णय वेगळे. एका सामन्यावरून काही ठरवू नये. सात गुणांचे निदान दहा सामने एकत्र पाहावेत. एक्स्ट्रीम गॅमन दर निर्णयामागची सरासरी चूक ५०० ने गुणून पीआर नावाचा आकडा देतो: दर निर्णयामागे सरासरी ०.०१० गुण गमावणाऱ्याचा पीआर ५. त्याच्या खाली सातत्याने राहणं हा जागतिक दर्जा. काही पुस्तकांत स्नोईचा एरर रेट दिलेला असतो, तो वेगळ्या पद्धतीने काढलेला आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

एकूण आकड्यापेक्षा मोलाची असते ती मोठ्या चुकांची यादी. ०.१०० च्या वरच्या सगळ्या चुका काढाव्यात आणि प्रत्येकीपुढे चारच शब्दांत जात लिहावी: डबल द्यायचं राहिलं, घेण्यासारखं सोडलं, अँकर लवकर मोडला, मारायला हवं होतं तेव्हा मारलं नाही. तीस-चाळीस चुका झाल्या की एक-दोन जातींचीच गर्दी दिसते. पुस्तक त्या जातीचं घ्यायचं. हे इतकं उघड असूनही बहुतेक जण आधी सलामीचं पुस्तक घेतात, कारण सलामी पाठ करता येते आणि पाठ झालं की प्रगती झाल्यासारखं वाटतं. पंधरा सलामीची दानं, त्यावर एकवीस उत्तरं, झाला तक्ता. पण ४-३ च्या तीन-चार रास्त चालींमधला फरक ०.०१० च्या आसपास असतो. एका चुकलेल्या क्यूबमध्ये त्याच्या दहापट, कधी पन्नासपट जातं. सलामीसाठी एक अद्ययावत तक्ता पुरे. त्यासाठी जाड पुस्तक घेण्याची गरज नाही.

क्यूबच्या पुस्तकाची पारख जरा बारकाईने करायला हवी, कारण इथे गुळगुळीत सल्ला भरपूर छापला जातो. प्राथमिक हिशोब सगळीकडे सारखाच: डबल सोडलं तर १ गुण जातो, घेतलं आणि २५ टक्के वेळा जिंकलं तर २ गुणांच्या डावात सरासरी नेमकी तितकीच हानी होते. म्हणून २५ टक्के ही सीमा. शिवाय घेणाऱ्याकडे क्यूब येतो आणि तो उलटा देण्याचा हक्क येतो, त्यामुळे प्रत्यक्षात सीमा आणखी थोडी खाली जाते. चांगलं पुस्तक इथून पुढे जातं आणि गॅमनचा हिशोब मांडतं. समजा तुम्ही ३० टक्के जिंकता, ७० टक्के हरता आणि त्या ७० मधले २० गॅमन, म्हणजे दुप्पट हार. ३० टक्के पाहून घ्यावंसं वाटतं. क्यूब २ वर धरून मोजा: जिंकण्याचे ०.६, साध्या हारीचे वजा १.०, गॅमनचे वजा ०.८. एकूण वजा १.२, म्हणजे सोडण्यापेक्षा वाईट. बरोबरी साधायला ३५ टक्के विजय लागले असते. दर १० टक्के गॅमनमागे ५ टक्के जास्त विजय हवेत, हा हिशोब ज्या पुस्तकात स्पष्ट मांडलेला नाही, ते क्यूबचं पुस्तक अर्धवट आहे. प्रत्येक उत्तरापुढे विजयाची आणि गॅमनची टक्केवारी दिली आहे का, एवढं पाहिलं तरी पारख होते.

दुसरी खूण म्हणजे, पुस्तक डबल देणाऱ्याची बाजू किती शिकवतं. सोडायचं की घ्यायचं यावर पानंच्या पानं असतात. पण सामान्य खेळाडू सगळ्यात जास्त गमावतो ते वेळेवर डबल न देण्यात. किट वूल्सी यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम इथे फार उपयोगी पडतो. ही स्थिती घेण्यासारखी आहे की सोडण्यासारखी, हे शंभर टक्के खात्रीने सांगता येत नसेल तर डबल द्यावं. संशय दोन्हीकडून असेल तर समोरच्याची चूक होण्याची शक्यता आहे, आणि ती चूक करण्याची संधी त्याला दिलीच पाहिजे. जोडीला स्थिती, शर्यत आणि धोके या तिन्ही बाबी तपासण्याची रीत आहे: तिन्हीत पुढे असाल तर डबल आणि समोरच्याने सोडावं, दोन्हींत असाल तर डबल आणि त्याने घ्यावं, एकीतच असाल तर थांबावं. ही मोजपट्टी ढोबळ आहे, पण पटावर बसल्या बसल्या वापरता येते.

शर्यतीसाठी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सोंगट्या एकमेकांना ओलांडून गेल्यानंतरच्या डावासाठी, वॉल्टर ट्राइस यांचं २००४ मधलं ‘बॅकगॅमन बूट कॅम्प’ घ्यावं आणि पेन्सिल जवळ ठेवावी. त्यांच्या नियमाची सीमा ६२ पिप. पुढे असलेल्याची संख्या ६२ हून जास्त असेल तर तिला १० ने भागून १ मिळवायचा. ६२ किंवा कमी असेल तर ५ वजा करून ७ ने भागायचं, वरचा अपूर्णांक सोडून द्यायचा. जे येईल तितक्याच पिपनी मागे असेपर्यंत समोरच्याने घ्यावं. १०० पिपला ११ येतात, म्हणजे समोरचा १११ पर्यंत घेऊ शकतो. पहिलं डबल त्याच्या ३ पिप आधी, १०८ ला. उलटं डबल २ पिप आधी, १०९ ला. ५४ पिपला ७ येतात, सीमा ६१. हे आकडे सुबक मांडलेल्या सोंगट्यांपुरते खरे, हेही ट्राइस बजावतात, आणि त्यांचं मोठं काम तिथेच आहे. दहा सोंगट्या १ ल्या पॉइंटवर रचलेल्या असतील तर मोजून १० पिप भरतात; पण त्या बाहेर काढायला लागणारी सरासरी दानं धरली तर ती रचना साधारण ३६ पिपच्या मोलाची ठरते. नीट पसरलेल्या २८ पिपच्या सोंगट्याही जवळपास तितक्याच वेगाने बाहेर पडतात. १ ल्या पॉइंटवर सोंगट्यांचा डोंगर रचून ‘पुढे आहोत’ असं समजणाऱ्याला एवढं एक प्रकरण पुरतं.

पिप मोजण्याचा कंटाळा असेल तर मात्र शर्यतीचं पुस्तक घेऊच नये. आरंभीच्या मांडणीत दोघांचे १६७-१६७ पिप असतात, इथून सुरुवात करून प्रत्येक डावात दोन-तीनदा मोजायची सवय लागली की मग ट्राइस यांचे नियम अंगी लागतात. त्याआधी ते नुसतं सुभाषित.

सामने खेळणाऱ्याला आणखी एक थर चढतो. क्यूबची जी उत्तरं मुक्त डावाला, म्हणजे सामन्याबाहेरच्या सुट्या डावाला लागू, ती गुणसंख्येनुसार बदलतात, आणि किती बदलतात हे पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही. तुम्हाला जिंकायला २ गुण हवेत, प्रतिस्पर्ध्याला ४. त्याने डबल दिलं. सोडलंत तर २ विरुद्ध ३ अशी स्थिती होते आणि वूल्सी यांच्या तक्त्यानुसार सामना जिंकण्याची तुमची शक्यता ६० टक्के. घेऊन जिंकलात तर सामना संपला. साधे हरलात तर बरोबरी, ५० टक्के. गमवायचे १०, कमवायचे ४०. म्हणजे साध्या शर्यतीत २० टक्क्यांवरसुद्धा घ्यावं, मुक्त डावातल्या २५ पेक्षा सैल. आता त्यात २० टक्के गॅमन टाका. गॅमन गेला तर सामनाच गेला. पुन्हा मोजलं तर घेण्यासाठी ४० टक्के विजय लागतात, मुक्त डावातल्या ३५ पेक्षा कडक. एकच गुणसंख्या, आणि शर्यतीत घ्यायचं धैर्य दाखवायचं तर हल्ल्यासमोर निमूट सोडायचं. हे ज्या पुस्तकातून कळत नाही, त्याच्या नावात ‘टूर्नामेंट’ असलं तरी उपयोग नाही. वूल्सी यांचं ‘हाउ टू प्ले टूर्नामेंट बॅकगॅमन’ छोटेखानी आहे आणि नेमकं इथेच बोट ठेवतं. फक्त तक्ता नवा वापरावा: एक गुण हवा असलेला विरुद्ध दोन हवे असलेला, क्रॉफर्ड डावात (एकाला एकच गुण उरल्यावरचा, क्यूबविना खेळायचा पहिला डाव), याला जुना आकडा ७० टक्के आहे, बॉटच्या आधाराने काढलेल्या रॉकवेल-कझारोस तक्त्यात तो सुमारे ६८ येतो. तक्ता आख्खा पाठ करू नये. दोन्ही बाजूंना ५ गुण हवे असतील इथपर्यंतचा कोपरा पाठ असला की बहुतेक काम भागतं.

मधल्या डावासाठी प्रश्नसंग्रह हाच खुराक. बिल रॉबर्टी दोनदा विश्वविजेते झाले, १९८३ आणि १९८७ मध्ये. त्यांचं ‘५०१ इसेन्शियल बॅकगॅमन प्रॉब्लेम्स’ विषयवार लावलेलं आहे आणि स्पष्टीकरणं आटोपशीर. त्यातून वरच्या यादीतल्या आपल्या जातीचं प्रकरण आधी उघडावं, पहिल्या पानापासून शहाण्यासारखं वाचत बसू नये. त्याच्या पुढची पायरी म्हणजे वूल्सी आणि हाल हाइनरिक यांचं १९९६ मधलं ‘न्यू आयडियाज इन बॅकगॅमन’. तज्ज्ञांना चकवणाऱ्या स्थिती, जेलीफिशने तपासलेल्या, आणि प्रत्येक चालीवर सविस्तर वाद. नवशिक्याच्या हाती हे पुस्तक दिलं तर तो हुशार होण्याऐवजी विचित्र खेळायला लागतो.

हा धोका सगळ्याच प्रश्नसंग्रहांत असतो. प्रश्न म्हणून छापली जाते ती स्थिती जिथे पहिली सुचणारी चाल चुकीची आहे. त्यामुळे दोनशे प्रश्न सोडवल्यावर हात आपोआप दुसऱ्या, चमकदार चालीकडे वळतो. प्रत्यक्ष डावात मात्र बहुतेक वेळा साधी चालच बरोबर असते: चांगला पॉइंट बांधता येत असेल तर बांधा, मारता येत असेल तर मारा. चांगला संपादक मुद्दाम मध्ये मध्ये साधी उत्तरं पेरतो. पुस्तक चाळताना पाच-सहा उत्तरं पाहावीत. सगळीच्या सगळी चमत्कार असतील तर ते पुस्तक करमणुकीचं समजावं.

प्रश्न वाचायची रीतही ठरलेली असावी. स्थिती खऱ्या पटावर मांडावी, पानावरून डोळ्यांनी सोडवू नये. उत्तर झाकून चाल लिहावी, एका वाक्यात कारण लिहावं, आणि दुसऱ्या क्रमांकाची चाल किती मागे असेल याचा अंदाजही लिहावा: जवळ, मध्यम की खूप. हा अंदाज सगळे वगळतात आणि खरी शिकवण तिथेच असते. उत्तर बरोबर पण फरक ‘खूप’ असताना ‘जवळ’ वाटला, तर स्थिती समजलेलीच नाही. दिवसाला पाच-सहा स्थिती पुरेत. चुकलेल्यांवर खूण करावी आणि तीन आठवड्यांनी फक्त त्याच पुन्हा मांडाव्यात. दुसऱ्यांदाही चुकलेली स्थिती बॉटमध्ये टाकून तिच्यातली एकच सोंगटी हलवावी आणि उत्तर केव्हा बदलतं ते पाहावं. प्रतिस्पर्ध्याच्या घरात एक पॉइंट जास्त बांधला तर? आपला अँकर २० ऐवजी २२ वर असता तर? अशा चार भावंडांसह पाहिलेली एक स्थिती सुट्या वीस स्थितींपेक्षा जास्त टिकते.

बॉटशी ताडून पाहताना एक काळजी घ्यावी. पुस्तकात क्यूब कुणाकडे आहे, मुक्त डाव आहे की सामना, जेकोबी नियम लागू आहे की नाही हे लिहिलेलं नसतं, आणि वाचक स्वतःच्या समजुतीने काहीतरी भरतो. जेकोबी नियमात क्यूब फिरल्याशिवाय गॅमनचे जादा गुण मिळत नाहीत, त्यामुळे पहिलं डबल देण्याची वेळच बदलते. मग बॉटचं उत्तर वेगळं आलं की लेखकाला दोष. आणि बॉटचा झटपट अंदाज म्हणजे रोलआउट नव्हे. फरक ०.०२० हून कमी असेल तर झटपट अंदाजावर वाद घालू नये. बॅक गेम, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या घरात दोन पॉइंट धरून उशिरा मारण्याची वाट पाहणारा डाव, किंवा लांबलचक प्राइम, म्हणजे सलग बांधलेल्या पॉइंटांच्या भिंती, एकमेकांसमोर उभे असतील तर झटपट अंदाज मोठी चूकसुद्धा करतो. तिथे पूर्ण रोलआउटच लावावा.

काही बाबी क्षुल्लक वाटतात, पण पुस्तक अर्धं वाचून टाकून द्यायला त्याच कारण होतात. पॉइंटला आकडे न घालता ‘काळ्याचा बार पॉइंट’ अशा नावांनी चाली लिहिणारं पुस्तक वाचताना निम्मा वेळ भाषांतरात जातो. १३/७, ८/७ अशी आकड्यांची नोंद असलेलंच घ्यावं. आकृतीत सोंगट्या उजवीकडे बाहेर निघतात की डावीकडे हे पाहावं, आणि आपण खेळतो तीच बाजू निवडावी. स्थिती ओळखण्याची सवय आरशातून लागत नाही. आकृतीशेजारी दोघांचे पिप छापलेले असतील तर शर्यतीचा सराव बुडतो, ते कागदाने झाकावेत. उत्तर त्याच पानावर असेल तर झाकायला पुठ्ठा हवाच. ई-पुस्तकात आकृती एका पानावर आणि मजकूर तीन पानं पुढे गेलेला असतो. नमुन्याची पानं फोनवर उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

अगदी नवख्या खेळाडूने मॅग्रिएल यांच्यापासून सुरुवात करावी, आणि सलामीच्या प्रकरणात नव्या तक्त्याचा कागद घालून ठेवावा. पीआर १५ च्या आसपास असेल तर रॉबर्टी यांचा प्रश्नसंग्रह आणि क्यूबचं एक पुस्तक, एवढंच सहा महिने. १० च्या खाली आल्यावर ट्राइस, मग वूल्सी आणि हाइनरिक. त्यापुढे छापील पुस्तकांपेक्षा स्वतःच्याच सामन्यांतल्या ०.०८० वरच्या चुकांची वही जास्त देते. तीही पुस्तकासारखीच झाकून सोडवायची, तीन आठवड्यांनी पुन्हा मांडायची.